मधली टाकी, धुलाईचे तास आणि भोपाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि संध्याकाळी वही घेऊन आकडे पहिल्यापासून मांडले. तुमचे आक्षेप दोन. रिॲक्टर (जिथे रासायनिक प्रक्रिया होते) आणि ड्रायर (जिथे माल वाळतो) यांच्या मधली टाकी नसली तरी बॅचचा क्रम बदलून तेवढाच माल काढता येतो, हे माझं म्हणणं कागदावरचं आहे, कारण त्यात धुलाई धरलेलीच नाही. आणि शेड्युलिंगच्या लेखात भोपाळची वायुगळती आणायचं कारण नव्हतं. तिथे मेंटेनन्स ढासळला होता, टाकीचा काय दोष?

पहिल्या आक्षेपात तुमचं खरं आहे. लेखातलं उदाहरण असं होतं: 'अ' मालाला रिॲक्टरमध्ये ६ तास आणि ड्रायरमध्ये १२, 'ब'ला बरोबर उलट. अ-अ-ब-ब चालवलं आणि मध्ये टाकी नसेल, तर दुसरी अ बॅच तयार होऊनही ६ तास रिॲक्टर अडवून बसते. चार बॅचचं चक्र ४२ तासांचं होतं. टाकी दिली की ३६. पण टाकी न देता अ-ब-अ-ब लावलं तरी ३६च. यावरून मी टाकीची गरज नाही असं लिहून मोकळा झालो.

आता माल बदलताना दर वेळी ३ तास धुलाई धरली. अ-ब-अ-ब मध्ये रिॲक्टर चार वेळा धुवावा लागतो, चक्र ४८ तासांवर जातं. टाकीशिवायचं अ-अ-ब-बसुद्धा ४८. टाकी असेल तर, तिचीही धुलाई धरून, ४२. म्हणजे चार बॅचमागे ६ तास टाकीने सरळ वाचवले. शिवाय क्यूसीचा (मालाच्या गुणवत्ता तपासणीचा) रिझल्ट येईपर्यंत माल टाकीत थांबतो आणि रिॲक्टर मोकळा होतो, हे मी लिहिलंच नव्हतं. सेंट्रीफ्यूज (गरगर फिरून मालातला द्रव वेगळा काढणारं यंत्र) एकेक लोड घेत असताना ग्लास-लाइन्ड, म्हणजे आतून काचेचा थर दिलेला रिॲक्टर नुसता माल पुरवणारी टाकी म्हणून उभा राहतो. प्लांटमधली याहून महाग टाकी कुठली असणार?

पण ६ तास वाचतात ते माल थांबू शकत असेल तर. शेड्युलिंग शिकताना आधी भेटतो तो कामांचा क्रम लावायचा जॉन्सनचा १९५४चा नियम. दोन मशीन, आणि मध्ये माल हवा तितका वेळ थांबू शकतो, हे त्यात गृहीत आहे. लेथवरून उतरलेल्या शाफ्टला थांबून काही होत नाही. रंग बनवणाऱ्या (डाय) प्लांटमधल्या डायझोला, म्हणजे थांबलं की बिघडणाऱ्या अर्धवट मालाला, होतं. ती ०-५ अंशांवर ठेवायची आणि लगेच कपलिंगला, म्हणजे रंग तयार होण्याच्या पुढच्या प्रक्रियेला घ्यायची. तिथे थांबण्याचा वेळ शून्य धरूनच वेळापत्रक मांडावं लागतं.

या दोन टोकांच्या मधला माल जास्त फसवतो. एका कारखान्यात मी प्लॅनिंगला होतो. टोल्युइन या द्रावकातलं एक इंटरमीडिएट (अंतिम मालाच्या वाटेवरचा मधला पदार्थ) ६० अंशांवर टाकीत ठेवायचो. मी शीटवर लिहिलं होतं 'होल्ड – ८ तास'. एका रात्री सेंट्रीफ्यूजचं बेअरिंग गेलं. रिॲक्टर रिकामा दिसतोय म्हणून शिफ्टने पुढची बॅच चार्ज केली, म्हणजे त्यात भरली, शीटप्रमाणेच. पहाटे टाकीच्या जॅकेटचं (बाहेरच्या आवरणातलं) गरम पाणी कमी पडलं आणि सकाळी टाकीच्या बॉटम व्हॉल्व्हमध्ये पांढरा खडा बसलेला. ऑपरेटर लाइनवर हात ठेवून सांगत होता, "साहेब, इथपर्यंत गरम आहे, इथून पुढे गार." तो हात मला अजून आठवतो. लाइन मोकळी करण्यात दोन शिफ्ट गेल्या आणि रिॲक्टरमधल्या तयार बॅचला जायला जागा नव्हती. टाकी नसती तर पुढची बॅच चार्जच झाली नसती.

भोपाळ मी यासाठीच आणलं. मेंटेनन्स ढासळला होता हे पूर्ण मान्य. टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन कित्येक महिने बंद होतं. पण त्या रात्री, २-३ डिसेंबर १९८४ला, ६१० नंबरच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट (एमआयसी) होतं, आणि ते विकायचं उत्पादन नव्हतं. सेव्हिन नावाच्या कीटकनाशकाच्या वाटेवरचं ते इंटरमीडिएट होतं. ते बनवणारं युनिट ऑक्टोबरमध्येच थांबलं होतं. पुढचं युनिट साठ्यातून थोडं थोडं घेत होतं. मागचा आणि पुढचा भाग एकमेकांवर अवलंबून राहू नयेत म्हणून आपण टाकी बसवतो ना? तिथे ते साधलं होतं, आणि त्यामुळेच उत्पादन बंद असतानाही एवढा साठा वस्तीशेजारी पडून राहिला.

तो साठा अटळही नव्हता. नॅफ्थॉलची आधी फॉस्जीन या विषारी वायूशी आणि मग मिथाइल अमाइनशी प्रक्रिया केली, तर तेच कीटकनाशक एमआयसीशिवाय बनतं. फॉस्जीन दोन्ही वाटांना लागतो, त्यामुळे ती वाट बिनधोक आहे असं मी म्हणणार नाही. भोपाळनंतर ड्यू पाँट या अमेरिकन रसायन कंपनीने टेक्सासमधल्या ला पोर्टला एमआयसी बनल्याबरोबर पुढे वापरून टाकायची पद्धत बसवली. तिथे टाकीची जागा वेळापत्रकाने आणि कंट्रोलने घेतली.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी टाकीत काय राहणार, किती आणि किती तास, हे विचारायचं, तास वाचवायचं गणित त्यानंतर. तुमचं ४८ विरुद्ध ४२ मला मान्य आहे, फक्त 'अ'च्या जागी एमआयसी असेल तर मी ते ६ तास घेणार नाही.

लेखातलं कोष्टक आज रात्री धुलाईसह दुरुस्त करतो. तुमच्या प्लांटमध्ये क्यूसीचा रिझल्ट यायला साधारण किती तास लागतात ते कळवलंत, तर तेही त्यात धरतो.