सॉइल टेस्ट आणि क्यूब टेस्ट म्हणजे फुकटचा खर्च? त्या मेसेजला मुद्द्यानिशी उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मला चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांचं स्वतःचं बांधकाम सुरू होणार आहे, म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सॉइल टेस्टिंग, मटेरियल टेस्टिंग हा लॅबवाल्यांनी काढलेला धंदा आहे, अनुभवी माणूस माती हातात घेऊनच सांगतो, पाच-सहा फुटांवर कडक लागलं की विषय संपला, छोट्या घराला तर गरजच नाही, जुन्या लोकांनी टेस्ट न करता बांधलेलं आजही उभं आहे, काँक्रीटमध्ये सिमेंट जरा जास्त टाका मग क्यूब (त्याच मालाचे नमुन्याचे ठोकळे) फोडून ताकद बघायची गरज नाही, आणि तसेही रिपोर्ट ऑफिसात बसूनच बनतात. मी बरीच वर्षं बोअर घेण्याच्या, म्हणजे माती तपासायला जमिनीत खोल छिद्र पाडण्याच्या, आणि क्यूब फोडण्याच्या कामात आहे. शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, त्यावर शेवटी बोलतो. बाकीचं वाचून कुणी खरंच टेस्ट रद्द केली तर काय होऊ शकतं ते मला माहीत आहे, म्हणून एकेक घेतो.

"अनुभवी माणूस हातात घेऊन सांगतो." हाताने काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. आम्हीही साइटवर पहिलं तेच करतो, ओली माती तळहातावर वळून बारीक दोरी होते का बघतो, वाळलेलं ढेकूळ बोटांत फुटतं का बघतो. पण त्यातून कळतो तो मातीचा प्रकार. ती वजन किती घेईल, वजनाखाली किती दबेल आणि दबायला किती वर्षं लागतील यातलं हाताला काही कळत नाही, कारण हातात आलेली माती मुळात खणताना मोडलेली असते. म्हणून तर पातळ पत्र्याची नळी खाली दाबून नमुना आहे तसा वर काढायचा, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची, म्हणजे आतला ओलावासुद्धा लॅबपर्यंत तसाच जातो.

आणि अनुभवाचंच बोलायचं तर अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सेंट फ्रान्सिस धरणाचं उदाहरण घ्या. ते बांधणारे विल्यम मलहॉलंड म्हणजे त्या काळातलं मोठं नाव, पौणेचारशे किलोमीटरवरून त्यांनी शहराला पाणी आणून दाखवलेलं, अनुभव कमी म्हणायची कुणाची टाप नव्हती. १२ मार्च १९२८ ला धरणातून नवीन गळती दिसली म्हणून ते स्वतः जाऊन बघून आले, धोका नाही म्हणाले आणि त्याच रात्री बाराच्या सुमाराला धरण फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली. एका बाजूचा डोंगर म्हणजे जुनी घसरलेली दरड होती, आणि दुसऱ्या बाजूचा खडक कोरडा असताना चांगला कडक पण पाण्यात टाकला की सुटा होऊन चिखल होणारा. ग्लासभर पाण्यात एक तुकडा टाकून ठेवला असता तर दिसलं असतं. त्याच शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी नंतर, १९३३ मध्ये, मातीचा भराव किती ओलाव्यावर सगळ्यात घट्ट बसतो ते मोजायची पद्धत मांडली. आज कुठल्याही रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या साइटवर जी प्रॉक्टर टेस्ट म्हणतात ती हीच. माती फार कोरडी असेल तरी बसत नाही, फार ओली असेल तरी बसत नाही, मधला एक नेमका ओलावा असतो, आणि तो माहीत नसताना रोलर दहा वेळा फिरवला काय नि वीस वेळा काय, भराव नंतर खचणारच.

"पाच-सहा फुटांवर कडक लागलं की झालं." या एका मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण चांगले शिकलेले लोकही इथे फसतात. वजन फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या रुंद ठोकळ्याच्या, तळाशी थांबत नाही, खाली पसरत जातं. चौकोनी फुटिंग असेल तर त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीवर गेल्यावर तो दाब दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे दीड मीटर रुंद फुटिंग असेल तर त्याखालची तीन मीटर माती कामाला लागते. वीस मीटर रुंद राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच सलग पाया, असेल तर? चाळीस मीटर. मग पाच-सहा फुटांवर लागलेला कडक थर दोन मीटर जाड आहे आणि त्याच्याखाली मऊ चिकणमाती बसली आहे हे पहारीने कळणार कसं?

हे नुसतं पुस्तकी नाही. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १९१३ मध्ये धान्याचं प्रचंड कोठार बांधलं, एकाच राफ्टवर, साधारण साठ मीटर लांब आणि साडेतेवीस मीटर रुंद. टेस्ट केली नव्हती असंही नाही, खड्ड्याच्या तळाशी भार ठेवून बघितला होता आणि माती चांगली निघाली होती. पण तो भार ठेवला होता छोट्या जागेवर, त्याचा दाब थोड्याच खोलीपर्यंत गेला, वरच्या कडक थराच्या आतच संपला. खरं कोठार गव्हाने भरत आल्यावर ऑक्टोबरमध्ये ते खचायला लागलं आणि चोवीस तासांत सत्तावीस अंशाच्या आसपास कललं. वरचं काँक्रीट जवळपास जसंच्या तसं राहिलं, पुढे खालच्या खडकापर्यंत आधार नेऊन कोठार सरळ करून पुन्हा वापरातही आणलं. १९५० नंतर तिथे बोअर घेऊन तपासलं तेव्हा वरच्या थराखालची मऊ चिकणमाती मिळाली. म्हणून बोअर किती खोल घ्यायचा हे इमारतीच्या रुंदीवर आणि वजनावर ठरतं, शेजाऱ्याने किती फुटांवर पाया घेतला यावर नाही.

तसंच जपानमध्ये निगाता इथे १९६४ च्या भूकंपात अख्ख्याच्या अख्ख्या इमारती आडव्या झाल्या, भिंतींना फारसं काही झालं नव्हतं. खालची पाण्याने भरलेली सुटी वाळू हादऱ्यात पातळ झाली. कॉलममध्ये कितीही सळई घातली असती तरी त्याने काही फरक पडला नसता. अशी सुटी वाळू खाली आहे का हे बोअरमध्ये एसपीटी (ठोके मोजायची टेस्ट) घेतली की कळतं. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून पाडायचा आणि नमुन्याची नळी शेवटचे तीस सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. ठोके अगदी कमी आले आणि जमिनीतलं पाणीही वर असलं की डिझाइन करणारा सावध होतो.

छोट्या घराचं म्हणाल तर फुगणाऱ्या काळ्या मातीत गोष्ट बरोबर उलटी असते. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात, आणि फुगताना वर ढकलते. उंच इमारतीचं वजन त्या ढकलण्याला दाबून ठेवू शकतं, एकमजली घराचं वजन नाही ठेवू शकत. त्यामुळे जास्त भेगा पडतात त्या हलक्या घरांना, कंपाउंड वॉलना आणि जमिनीवरच्या फरश्यांना. घराच्या मधल्या भागाखाली ओलावा टिकून राहतो, कडेला उन्हाळ्यात सुकतो, तिथूनच तिरक्या भेगा सुरू होतात, आणि माणूस बिचारा दरवर्षी गिलावा करत राहतो. ही माती ओळखायची प्राथमिक टेस्ट किती साधी आहे बघा, चाळलेली तीच माती दोन नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, एकीत रॉकेल, आणि दिवसभर ठेवायचं. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात किती जास्त फुगली ते मोजायचं. बस.

जुन्या बांधकामांचं उत्तर सोपं आहे, जी पडली ती आज दिसत नाहीत. जी उभी आहेत त्यातली बरीच कातळावर आहेत, शिवाय बांधायला कित्येक वर्षं लागल्याने मातीला हळूहळू दबून घट्ट व्हायला वेळ मिळाला. पिसाचा मनोरा ११७३ मध्ये सुरू झाला आणि काही मजल्यांनंतर जवळजवळ शंभर वर्षं काम बंद होतं. तेव्हा एका दमात वर नेला असता तर खालच्या मऊ मातीने तो पेललाच नसता, हे आता हिशोबाने माहीत आहे. एवढं करूनही तो इतका कलला की १९९० मध्ये लोकांसाठी बंद करून, उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून, तो सुमारे अर्धा अंश मागे आणावा लागला. आपण वर्षा-दीड वर्षात इमारत उभी करतो, मातीला शंभर वर्षं कोण देणार?

आता सिमेंट. "सिमेंट जास्त टाका, टेस्ट नको." काँक्रीटची ताकद मुख्यतः ठरते पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर, हे अमेरिकन संशोधक डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्येच दाखवलंय. पन्नास किलोच्या एका गोणीला ०.४५ प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी लागतं. माल घट्ट वाटतो, पसरत नाही म्हणून मिस्त्रीने पाच लिटर वाढवलं की प्रमाण थेट ०.५५ झालं आणि जास्तीचं सिमेंट टाकून मिळवलेलं बरंचसं तिथेच गेलं. त्यात वाळू ओली असेल तर शंभर किलोमागे पाच लिटर पाणी तीच घेऊन आलेली असते, हे कुणी मोजत नाही. शिवाय घमेल्याने मोजत असाल तर ओली वाळू फुगलेली असते, म्हणजे वाळूही कमी पडते. सिमेंट वाढवलं की उष्णता वाढते, आकसणं वाढतं, भेगा येतात, तो त्रास वेगळाच.

मात्र उलट बाजूने ज्यांचा क्यूबवर आंधळा विश्वास आहे त्यांच्यासाठीही सांगतो, क्यूब पास म्हणजे स्लॅब पास असं नाही. १५० मिलिमीटरचा क्यूब सांगतो की आलेला माल नीट भरला आणि नीट ओला ठेवला तर किती ताकद देऊ शकतो. स्लॅबमध्ये व्हायब्रेटर नीट नाही लागला आणि पाच टक्के जरी पोकळी राहिली तरी ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास कमी होते. म्हणून माल ओततानाच स्लंप, म्हणजे साच्यातून काढलेला ओला माल किती खाली बसतो ते, बघायचा, क्यूब ओतायच्या जागेवरच भरायचे, सात दिवसांनी क्यूब फोडून आकडा आला की लगेच बघायचा, कारण अठ्ठावीस दिवस थांबेपर्यंत वर आणखी एक मजला चढलेला असतो. हातातला रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून किती उसळतो ते दाखवणारा हातोडा) मारून सगळं कळतं असंही मेसेजमध्ये आहे. तो फक्त पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, म्हणजे आकडा वाढून येतो. खरंच शंका असेल तर कोर काढा, म्हणजे बांधलेल्या काँक्रीटमधूनच गोल नमुना कापून तो तपासा.

राहिला रिपोर्टचा मुद्दा. हो, बनावट रिपोर्ट असतात. एका कामावर माझ्यापुढे दुसऱ्या कुणीतरी केलेला रिपोर्ट आला, तीन बोअर, एकमेकांपासून चाळीस-चाळीस मीटरवर, आणि तिन्हींत प्रत्येक खोलीला ठोक्यांचे आकडे सारखेच. जमीन अशी कधीच नसते. नमुन्यांची पेटी मागितली तर ती नव्हतीच, ड्रिलिंगचे फोटोही नव्हते. मालकांचं म्हणणं पडलं की बघा, टेस्टिंग म्हणजे असंच असतं, आता परत कशाला. मला त्यांचा राग कळत होता, पैसे त्यांचेच गेले होते. तरी आग्रह धरला, एक बोअर पुन्हा घेऊ आणि तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा. ते दिवसभर उभे राहिले, ठोके त्यांनीच मोजले, पावसाळ्यानंतरचं पाणी किती वर येतं ते बोअरमध्ये दोरी सोडून बघितलं. रिपोर्टमध्ये दाखवलं होतं त्यापेक्षा कडक थर तीन मीटर खाली निघाला, पायाचं डिझाइन बदललं, आणि पुढच्या दोन बोअरना ते न बोलावता वही घेऊन हजर होते.