मेरापीखालची माणसं अंधश्रद्धेपायी मेली, हे खरं नाही

ज्वालामुखीच्या तोंडाशी माणसं का राहतात, असा प्रश्न निघाला की किनाहरेजोची गोष्ट सांगितली जाते. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या मध्यभागी मेरापी पर्वत आहे, उंची सुमारे 2,900 मीटर. त्याच्या दक्षिण उतारावर, योग्याकार्ता शहराच्या वरच्या अंगाला ही छोटीशी वाडी होती. गोष्ट थोडक्यात अशी: 2010 साली मेरापी फुटणार हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं. पण डोंगराचा राखणदार असलेल्या एका म्हाताऱ्याने जागा सोडायला नकार दिला, त्याच्या भरवशावर गावकरी थांबले आणि साडेतीनशेहून अधिक माणसं मेली. यातून दोन निष्कर्ष ठरल्यासारखे काढले जातात. या अडाणी शेतकऱ्यांना विज्ञान कळत नाही, आणि अशा गावांना सक्तीने उचलून दुसरीकडे नेलं पाहिजे.

ही गोष्ट मेलेल्यांवर अन्याय करणारी आहे आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक कडी चुकीची आहे. सोबत फिरणारे फोटोसुद्धा बरेचदा मेरापीचे नसतात. डिसेंबर 2023 मध्ये ज्या उद्रेकात 24 गिर्यारोहक गेले तो मारापी, नाव जवळचं असलं तरी वेगळा ज्वालामुखी, सुमात्रात आहे, जावात नाही.

आधी तारखा पाहू. 25 ऑक्टोबर 2010 ला सकाळी धोक्याची पातळी सर्वांत वर नेली गेली आणि शिखरापासून 10 किलोमीटरपर्यंतची वस्ती हलवायला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पहिला स्फोट झाला. तप्त वायू, राख आणि दगडांचा लोट उतारावरून आला आणि किनाहरेजो जळून गेली. राखणदार म्बाह मारिजान त्यातच गेले. या पहिल्या स्फोटात मेलेल्यांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान होती. एकूण बळींच्या मानाने हा लहान भाग आहे.

मोठा घाला पडला तो 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर. 1872 नंतर मेरापीने एवढं मोठं रूप दाखवलं नव्हतं. गेंडोल नदीच्या खोऱ्यातून लोट पंधरा किलोमीटरच्या आसपास खाली गेला आणि ब्रोंग्गांगसारख्या, शिखरापासून तेरा किलोमीटर दूरच्या वस्त्या त्याने गाठल्या. सर्वाधिक माणसं त्या रात्री होरपळली. छावण्यांत नंतर आजारपणाने दगावलेलेही एकूण आकड्यात मोजलेले आहेत. तोवर मारिजानना जाऊन दहा दिवस झाले होते. ब्रोंग्गांगचे लोक त्यांच्या शब्दाखातर थांबले होते, असं म्हणायला काय आधार आहे?

ब्रोंग्गांगमध्ये माणसं का होती, याचं साधं उत्तर तारखांतच आहे. 3 नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत धोक्याची हद्द 10 किलोमीटर होती. त्या दिवशी ती 15 केली गेली आणि मोठ्या स्फोटाच्या रात्री 20. या बाजूला इतक्या खाली आगीचा लोट आल्याचं कुणाच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. दीड दिवसापूर्वीपर्यंत जे घर सुरक्षित मानलं जात होतं, ते एकाएकी हद्दीत आलं. गुरं, म्हातारी माणसं, छावणीतली गर्दी हे सगळं पुढ्यात असताना काही कुटुंबं रेंगाळली. याला अंधश्रद्धा म्हणता येत नाही.

आता मारिजान. श्रद्धेचा इथे काही संबंध नाही, असं माझं म्हणणं नाही. योग्याकार्ताच्या सुलतानाचं घराणं दरवर्षी मेरापीला वस्त्रं आणि इतर वस्तू अर्पण करतं, आणि ती वर नेण्याचं काम राखणदाराचं. मारिजानना हे पद 1982 मध्ये नवव्या हामेंग्कुबुवोनो सुलतानांनी दिलं. 2006 च्या उद्रेकात त्यांनी जागा सोडली नाही, लोट शेजारच्या कालियादेमच्या दिशेने गेला, आणि ते देशभर प्रसिद्ध झाले, अगदी एका शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीत दिसण्याइतके. त्या प्रसिद्धीमुळे 2010 मध्ये काही शेजाऱ्यांना धीर वाटला असणार, हे मी मान्य करते. पण त्यांनी इतरांना थांबवलं नाही. माझं काम इथे राहण्याचं आहे, तुम्ही सरकारचं ऐका, अशी त्यांची भूमिका त्या वेळच्या बातम्यांत नोंदलेली आहे. त्यांच्या घरी जे मेले त्यांत त्यांना खाली न्यायला आलेला एक स्वयंसेवक आणि एक पत्रकार होते. 83 वर्षांच्या एका माणसाने स्वतःपुरता घेतलेला निर्णय सगळ्या डोंगराच्या माथी मारणं चुकीचं आहे.

मग हद्दीत माणसं सापडली ती कशामुळे? बहुतांश उत्तर गोठ्यात आहे, आणि किनाहरेजोची गोष्ट सांगणारे नेमकं तेच गाळतात.

मेरापीच्या वरच्या उतारावर भात होत नाही. किनाहरेजो, कालितेंगाह, स्रुनेन या पट्ट्यातला शेतकरी दुधावर जगतो. घरटी दोन-चार संकरित गायी, बांधांवर आणि उतारावर लावलेलं हत्तीगवत, आणि दूध गोळा करणारी सहकारी संस्था. आपल्याकडे दुधावर चालणारं घर ज्याने पाहिलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. दुभत्या गाईला दिवसाला तीस-चाळीस किलो हिरवी वैरण लागते आणि दोन वेळा धार काढावी लागते. एक वेळ चुकली तर कास सुजते, चार दिवस चुकली तर गाय आटते. बँकेत पैसे नसलेल्या माणसाची सगळी शिल्लक त्या गाईत असते.

2010 मध्ये बायका-मुलं आणि वृद्ध छावणीत नेले गेले, पण गुरांची सोय सुरुवातीला नव्हती. म्हणून पुरुष सकाळी खाली छावणीतून वर जायचे, गवत कापायचे, धार काढायचे आणि परतायचे. किनाहरेजोच्या आसपास मेलेल्यांत असे वर गेलेले होते. पुढे सरकारने विस्थापितांची गुरं विकत घेण्याची घोषणा केली, म्हणजे अडचण कुठे होती ते प्रशासनालाही कळलं होतं. ती घोषणा स्फोटाआधी झाली असती तर काही जण वाचले असते, असं मला ठामपणे वाटतं. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ फ्रँक लॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जावातल्या ज्वालामुखींलगतच्या गावांचा अभ्यास करून 2008 मध्ये जे मांडलं त्यातही हेच होतं: लोक धोक्याबाबत कसे वागतात हे समजून घ्यायचं तर त्यांच्या श्रद्धांइतकंच त्यांचं पोट कशावर चालतं ते पाहावं लागतं.

याच्या उलट टोकाचा एक दावाही लोकप्रिय आहे. राखेमुळे जमीन सुपीक होते, म्हणून शेतकरी लोभाने ज्वालामुखीजवळ राहतात. ऐकायला हे शास्त्रीय वाटतं, पण यातही अर्धंच खरं आहे. ताजी राख पिकाचा घात करते. 2010 मध्ये मागेलांगच्या बाजूला सालाक फळाच्या बागा राखेच्या ओझ्याने मोडून पडल्या. राखेत नत्र नसतं, सेंद्रिय द्रव्य नसतं, आणि पावसानंतर तिचा वर कडक थर बसतो. खडक झिजून, कुजून कसदार माती व्हायला फार काळ लागतो. आपल्या दख्खनची काळी जमीनही ज्वालामुखीच्याच खडकाची, पण तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मेरापीच्या वरच्या मातीत स्फुरद असलं तरी ते मातीला घट्ट धरून बसतं, पिकाला सहज मिळत नाही. तिथली शेती उभी राहते ती शेणखतावर. म्हणजे पुन्हा गायच. ज्वालामुखीने आयतं सोनं दिलं आहे आणि ही माणसं ते वेचत बसली आहेत, असं चित्र ज्यांनी उभं केलं त्यांनी तिथल्या बाईला डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढताना पाहिलेलं नसावं.

विज्ञान न कळण्याच्या आरोपाबद्दल. जावात ज्वालामुखीवर नजर ठेवणारी संस्था उभी राहिली ती 1919 मध्ये केलुद हा जावातलाच दुसरा ज्वालामुखी फुटून पाच हजारांहून अधिक माणसं मेल्यानंतर, डच राजवटीत. मेरापीवर बाबादान, सेलो, कालिउरांग अशा ठिकाणी कायमची निरीक्षण केंद्रं आहेत. 2010 चा इशारा वेळेवर दिला गेल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले, असा त्या काळच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साडेतीन ते चार लाख लोक घरं सोडून निघाले. लोक विज्ञानाचं ऐकत नाहीत, हा दावा या आकड्यासमोर कसा उभा राहतो? त्या उतारांवरच्या बहुसंख्यांनी इशारा ऐकला, म्हणूनच ते आज जिवंत आहेत.

ऐकलं इतकंच नाही, तर ते पसरवलंही. मेरापीच्या चारी बाजूंच्या गावांत शेतकऱ्यांची सामुदायिक रेडिओ केंद्रं होती. 2006 च्या उद्रेकानंतर त्यांनी एकत्र येऊन जालिन मेरापी नावाचं माहितीचं जाळं बांधलं. वेधशाळेची बातमी जावानी भाषेत गावात पोहोचायची, आणि कुठल्या छावणीत तांदूळ नाही, कुठे मास्क हवेत हे ट्विटरवरून शहरात कळायचं. हातातले वॉकी-टॉकी, केंतोंगान, म्हणजे इशाऱ्याचा पोकळ बांबू, ठोकून दिलेली हाक, रात्री शिखरावरची लाली आणि दगड घसरल्याचे आवाज टिपण्याची पिढ्यांची सवय, हे सगळं एकाच वेळी वापरलं गेलं. परंपरा एकीकडे आणि यंत्रं दुसरीकडे, अशी फाळणी शहरातल्या लेखात सोपी पडते, उतारावर ती नसते.

विज्ञानाचंही सगळं नेहमी बरोबर आलेलं नाही, हे इथे सांगायलाच हवं. 22 नोव्हेंबर 1994 ला मेरापीच्याच उतारावरच्या तुर्गो गावात लग्न होतं. स्थलांतराचा आदेश नव्हता. शिखरावरचा लाव्हाचा घुमट कोसळला, लोट बोयोंग नदीच्या बाजूने आला आणि साठहून अधिक माणसं गेली. त्यांनी कुठलाही इशारा मोडला नव्हता. त्यांना कुणी अंधश्रद्ध म्हणत नाही, कारण त्यांची गोष्ट सांगितलीच जात नाही.

राहता राहिला सक्तीने हलवण्याचा दावा. हलवायचं कुठे? जावाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि 2020 च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींहून अधिक माणसं होती. बेटावरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांकडे अर्धा हेक्टरही जमीन नाही. मेरापीच्या खालची भातशेती कालव्यांनी भिजलेली आणि शेवटच्या बांधापर्यंत वाटून घेतलेली आहे. 1961 च्या उद्रेकानंतर काही कुटुंबांना सुमात्रात पाठवलं गेलं, त्यांतले अनेक जण परतले. तुर्गोच्या लोकांना 1994 नंतर खाली घरं मिळाली, तरी शेती वरच राहिली आणि माणसंही वर जात राहिली.

2010 नंतरचं पुनर्वसन बऱ्याच अंशी चांगलं झालं, हे नाकारायचं कारण नाही. किनाहरेजोची कुटुंबं खाली नव्या वसाहतीत गेली. कुटुंबाला 100 चौरस मीटर जागा, म्हणजे जेमतेम एक गुंठा, आणि त्यावर 36 चौरस मीटरचं घर. राहायला पुरेसं, पण गोठ्याला, गवताला आणि शेणाच्या खड्ड्याला त्यात जागा नाही. काही ठिकाणी सामायिक गोठे बांधावे लागले. जुन्या वाडीच्या जागी आज मारिजान यांच्या घराचे अवशेष आणि पर्यटकांच्या जीपगाड्या आहेत. अनेक घरांचं उत्पन्न आता या जीपगाड्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर चालतं.

कालितेंगाह लोर, कालितेंगाह किदुल आणि स्रुनेन या ग्लागाहार्जो गावातल्या तीन वाड्यांनी मात्र जाण्यास नकार दिला आणि जळलेल्या जागीच घरं पुन्हा बांधली. हटवादी म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं जातं. 5 नोव्हेंबर 2020 ला वेधशाळेने धोक्याची पातळी चारांपैकी तिसरीवर नेली तेव्हा कालितेंगाह लोरमध्ये काय झालं ते पाहा. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि मुलं आधी खाली आणली गेली, आणि मागोमाग गायीही. छावणीजवळ त्यांच्यासाठी गोठे तयार होते. 2010 मध्ये जी सोय नव्हती, ती या वेळी पहिल्याच टप्प्यात होती. गाय खाली असल्यामुळे धार काढायला रोज वर जाण्याची पुरुषांची गरज राहिली नाही.