वह्या वाटल्या म्हणून ताईंना मत देऊ नका

आमच्या मतदारसंघातल्या एका ताईंनी पुढची विधानसभा अपक्ष लढवायचं ठरवलं आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. जवळच्यांना ते कळेलच, आणि लांबच्यांनी आपापल्या तालुक्यातलं असं एखादं माणूस डोळ्यांसमोर आणावं. प्रत्येक तालुक्यात एक तरी असतंच.

बातमी पसरल्यापासून दोन प्रकारचं बोलणं कानावर येतंय. एक म्हणजे, "एवढं चांगलं काम चाललंय, राजकारणात कशाला पडताय?" आणि दुसरं, "ताईंनी आपल्यासाठी इतकं केलं, एक मत द्यायला काय जातंय?" पहिलं बोलणारे त्यांच्या काळजीपोटी बोलतात, दुसरे कृतज्ञतेपोटी. मला दोन्ही पटत नाही. त्यातही दुसरं जास्त खुपतं, कारण ते ऐकायला फार गोड वाटतं.

आधी पहिल्याबद्दल बोलते. ताईंचं काम मुख्यतः कागदांचं. निराधारांचे, म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरायचे, दाखले गोळा करायचे, तहसीलला खेटे घालायचे. कधीमधी मीही मदतीला बसते. २०२४ च्या पावसाळ्यात एक आजी आल्या होत्या, वय सत्तरीच्या पुढे. श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांना दरमहा मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज करायचा होता. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही, म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागणार. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला दाखला त्यांनी काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३६,०००, मुलाच्या मजुरीचं. योजनेची मर्यादा २१,०००. म्हणजे अख्ख्या घराची दिवसाची कमाई ५८ रुपयांच्याही आत हवी. ताईंनी समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पोरानं कामाला जायचं बंद करावं का?"

त्याच दिवसांत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणं चालू होतं. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, वयाची अट २१ ते ६५. आजींच्या सुनेचा अर्ज आम्हीच भरला. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघींपैकी सून पात्र आणि सासू अपात्र. रक्कम दोन्हीकडे तीच, महिना १,५००. सुनेला मिळाले याचा मला आनंदच आहे. पण म्हातारीला नाकारणारा आकडा ना तलाठ्याच्या हातात होता, ना तहसीलदाराच्या. असे आकडे मंत्रालयातून शासन निर्णयानं ठरतात, त्यामागचे पैसे अर्थसंकल्पातून येतात आणि त्या अर्थसंकल्पाला मंजुरी विधानसभा देते. ताईंनी आणखी वीस वर्षं अर्ज भरले तरी तो आकडा हलणार नाही. "राजकारणात कशाला" याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. त्यांचं कामच त्यांना तिथवर घेऊन गेलंय.

आपल्याकडे हे आधी घडलेलंही आहे. समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे मुंबईत गोरेगावात पाण्यासाठी बायकांना घेऊन लढल्या, लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायला लागले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या. पाणी मोर्चानं मिळवता येतं. पण गर्भलिंगनिदानाच्या चाचण्यांवर बंदी मोर्चानं येत नाही, त्यासाठी कायदा लागतो. ऐंशीच्या दशकात त्या पुन्हा आमदार असताना त्यांनी यासाठी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारानं मांडायचं विधेयक, आणलं. बाहेरून संघटनांचा रेटा होता, आतून त्यांचा. १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पाण्यासाठी लढणारी बाई विधानसभेत गेली म्हणून तिचं समाजकार्य बुडालं, असं कुणी म्हणेल का?

आता दुसऱ्या बोलण्याकडे येते, उपकाराच्या मताकडे.

इरोम शर्मिला यांनी मणिपूरमध्ये लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या 'अफ्स्पा' कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषण केलं. २०१६ मध्ये ते सोडलं आणि २०१७ ला थौबलमधून थेट तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांविरुद्ध विधानसभेला उभ्या राहिल्या. मतं मिळाली ९०. तो निकाल आला तेव्हा मी सुन्न झाले होते. आज वाटतं, त्यांच्याबद्दल आदर नसेल असं माणूस मणिपूरमध्ये विरळाच असेल, पण आदर ही एक गोष्ट आणि आपला प्रतिनिधी म्हणून निवडणं ही दुसरी. मतदाराला सरकार कुणाचं येणार, आपलं काम कोण करणार, हे दिसत असतं. त्याला नुसतं कृतघ्न म्हणून चालणार नाही. कृतज्ञतेवर विसंबून उभं राहिलेला उमेदवार पडतो.

आणि निवडून आला तर? ते मला जास्त धोक्याचं वाटतं. वह्या वाटल्या, दवाखान्यात नेलं, म्हणून मत दिलं, तर पाच वर्षं आपण त्याच मापानं मोजत राहणार. बारशाला आले का, मयताला आले का, देवळापुढे पेव्हर ब्लॉक टाकले का. आपले बरेचसे आमदार आज याच मापानं मोजले जातात. दरवर्षी मिळणाऱ्या पाच कोटींच्या आमदार निधीतून कुठे काय बसवलं, त्याचे फलक चौकाचौकात दिसतात. सभागृहात मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यायला लावणारे किती तारांकित प्रश्न विचारले, तातडीच्या विषयावर एखादी लक्षवेधी लावली का, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना दिली का, याचा फलक मी अजून पाहिलेला नाही. ते आपणच कधी विचारत नाही.

म्हणून ताईंनी यंदा जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. दर जूनमध्ये होणारं वह्यावाटप त्यांनी स्वतःच्या हातून काढून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडे दिलं. फलकावर त्यांचं नाव नाही, फोटो नाही. निवडणुकीच्या काळात वस्तू वाटून मत मागणं कायद्यानं भ्रष्ट आचारच आहे, पण आचारसंहिता लागायला अजून कितीतरी अवकाश आहे, आत्ता त्यांना कुणीच अडवलं नसतं. कार्यकर्ते नाराज झाले. "आपल्याकडे दुसरं भांडवल काय आहे?" असं एकानं तोंडावर विचारलं. मी ताईंच्या बाजूची आहे. पोरांच्या वह्यांचं भांडवल करायचंच नाही, एवढं तरी या माणसाला कळतं, म्हणून तर मी ही पोस्ट लिहितेय.

वाट सोपी नाही, हे त्यांनाही माहीत आहे. २०२४ ला २८८ पैकी फक्त दोन अपक्ष निवडून आले, तेही राजकारणात मुरलेले. खर्चाची मर्यादा ४० लाख. ती ऐकूनच सामान्य माणसाला घाम फुटतो. शिवाय पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि बड्या नेत्यांच्या दौऱ्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात धरलाच जात नाही. अनामत रक्कम १०,०००, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतंही पडली नाहीत तर तीही जप्त. सगळ्यात मोठी अडचण चिन्हाची. २०२४ ला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीनंतर, म्हणजे घरोघरी पोचवायला हातात जेमतेम चौदा दिवस. समोरच्याचं चिन्ह आजोबांच्या काळापासून भिंतीवर रंगवलेलं. म्हणून "अजून खूप वेळ आहे" असं कुणी म्हणू नका.

सूचकांचंही तसंच, म्हणजे उमेदवारी अर्जावर नाव सुचवून सही करणाऱ्यांचं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण सही उघड असते, कुणी कुणासाठी केली ते सगळ्या गावाला कळतं. ज्याचं बिल पंचायत समितीत अडकलंय, ज्याच्या मुलाची नोकरी कुणाच्या तरी संस्थेत आहे, तो ताईंना घरी बोलावून चहा पाजतो, मनापासून शुभेच्छा देतो आणि सहीचा विषय निघाला की गप्प होतो. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. त्यांचं पोट तिथे आहे.

मला ताईंनाही काही विचारायचं होतं, ते गेल्या आठवड्यात विचारून घेतलं.

"ताई, अपक्ष आमदाराला सभागृहात बोलायला वेळ किती मिळणार?"

"कमीच मिळेल गं. पण प्रश्न तर लेखी द्यायचे असतात ना? अर्ज लिहिण्यातच माझा जन्म गेलाय."

हे उत्तर मला आवडलं. मग विचारलं, उद्या कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि सरकार बनवायला तुमचं एक मत हवं असलं, तर ते कुणाला आणि कशाच्या बदल्यात? अपक्षाला निवडून आल्यावर कुठल्या पक्षात जाता येत नाही, गेलं की सदस्यत्व जातं. पण बाहेरून पाठिंबा देता येतो, आणि घोडेबाजार तिथेच भरतो. यावर त्या बराच वेळ विचार करत बसल्या. "ठरवलेलं नाही," म्हणाल्या. प्रामाणिक उत्तर आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. कुणाला पाठिंबा देणार नाही आणि देणार असाल तर कोणत्या अटींवर, हे अर्ज भरण्याआधी लेखी जाहीर करा, असं मी त्यांना सांगितलंय. त्या हो म्हणाल्या आहेत. ते जाहीर झालं की इथेच जसंच्या तसं टाकीन, आणि पटलं नाही तर तेही लिहीन.

तोवर एक काम आपल्याला करता येईल. रविवारी सकाळी दहाला वाचनालयात मतदारयादी घेऊन बसणार आहोत. ज्यांची नावं गळालीत, लग्न होऊन आलेल्या सुनांची लागलेली नाहीत, ज्या पोरांना अठरा पूर्ण झालीत, त्यांचे नाव नोंदवायचे नमुना ६ चे अर्ज भरून देऊ; ज्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत आहे त्यांचे नमुना ८ चे. मत कुणाला देणार हे कुणी विचारणार नाही. येताना आधार कार्ड आणि एक फोटो आणा.