शिडाच्या होडीवर कोणती पुस्तकं टिकतात?

शिडाच्या होडीवर पुस्तकांच्या वाट्याला फार तर दीड-दोन हात लांबीची एक फळी येते. तीस-पस्तीस फुटांच्या होडीत पाणी, शिधा, जादा शिडं, दोरखंड, अवजारं आणि सुटे भाग बसवल्यावर एवढीच जागा उरते. म्हणून त्या फळीवर कायमचं काय राहतं आणि पुढच्या बंदरात दुसऱ्या होडीवाल्याला काय देऊन टाकलं जातं, यावरून दर्यावर्दी माणसाची आवड नेमकी कळते. माझं मत स्पष्ट आहे. समुद्राचं वर्णन कितीही देखणं असू दे, त्यावर पुस्तक टिकत नाही. काय मोडलं, का मोडलं आणि हाताशी असलेल्या सामानातून ते कसं दुरुस्त झालं, हे ज्यात मापासकट लिहिलंय ते टिकतं.

जोशुआ स्लोकम यांचं १९०० साली आलेलं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ अजून वाचलं जातं ते यामुळेच. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. एप्रिल १८९५ ला बॉस्टन सोडलं, जून १८९८ ला न्यूपोर्टला परत, सुमारे ४६,००० मैल. पण पुस्तकाची सुरुवात होते ती शेतात पडलेल्या एका जुन्या, कुजलेल्या होडीपासून. ती त्यांनी लाकूड तोडून, फळ्या वाफवून, वाकवून पुन्हा उभी केली. ३६ फूट ९ इंच लांब, १४ फूट २ इंच रुंद, सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट आणि स्वतःची १३ महिन्यांची मेहनत. हे आकडे लेखकानं लपवले नाहीत, म्हणून पुढच्या वादळांवरही वाचकाचा विश्वास बसतो.

प्रवासात वाचायला सवड कशी मिळते, याचं उत्तरही तिथंच आहे. स्लोकम यांची ती होडी, ‘स्प्रे’, रुंद आणि लांब कण्याची (कणा म्हणजे होडीच्या तळाचा मधला उभा आधार). शिडांचे दोर नीट जुळवून सुकाणू बांधून ठेवलं की ती आपली वाट धरून चालायची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळचं थर्सडे आयलंड ते हिंदी महासागरातलं कोकोस कीलिंग बेट हे २,७०० मैल त्यांनी २३ दिवसांत कापले आणि त्यात सुकाणूपाशी उभे राहिले जेमतेम तीन तास. बाकीचा वेळ वाचन, शिवणकाम, स्वयंपाक. आखूड, खोल पंखासारखा कणा असलेल्या आजच्या हलक्या होड्यांना हे साधत नाही. त्यांना वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू किंवा विजेवरचं यंत्र लागतं, आणि ते बंद पडलं की पुस्तकही बंद.

त्याच पुस्तकात एक जागा आहे जी प्रत्येक वाचकानं पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. पॅसिफिकमध्ये चंद्र आणि सूर्य यांच्यातलं आकाशातलं अंतर मोजून रेखांश काढला तर उत्तर शेकडो मैल चुकीचं आलं. स्लोकम यांनी आधी स्वतःचं मोजमाप पुन्हा तपासलं, मग छापील कोष्टकं तपासली, तर कोष्टकातलाच एक आकडा चुकीचा निघाला. छापलेलंही तपासून घ्यायचं असतं. आणि कागद जपायचा असतो. सेंट हेलेनाला भेट मिळालेल्या बोकडानं त्यांचा वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला आणि पुढचा तो टप्पा नकाशाविना काढावा लागला.

पुस्तकानं होडी वाचवल्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए यांचं आहे. त्यांची ३९ फुटी पोलादी ‘जोशुआ’, नाव स्लोकम यांच्यावरूनच ठेवलेलं. ताहितीहून केप हॉर्नकडे जाताना दक्षिण महासागरात मोठं वादळ आलं. शिकवणीप्रमाणे त्यांनी वेग कमी करायला मागे जड दोरखंड सोडले होते. पण त्यामुळे होडी जागीच अडकल्यासारखी झाली. सुकाणूवरून पाणी वेगानं वाहिलं नाही तर सुकाणूला जोर येत नाही, आणि लाटा मागून येऊन आदळत राहतात. तेव्हा त्यांना आठवलं अर्जेंटिनाच्या वितो दुमास यांचं पुस्तक. दुमास १९४२-४३ मध्ये ३१ फुटी होडीतून त्याच पट्ट्यातून एकटे गेले होते, शिडं न उतरवता, वेगानं. मोआतेसिए यांनी दोरखंड कापून टाकले आणि प्रत्येक मोठी लाट अगदी पाठीवर न घेता १५ ते २० अंश तिरकी घेतली. सरळ खाली घसरणारी होडी नाक खुपसते आणि कोलांटी खाते, तिरकी घेतली की ती एका कुशीवर कलून सरकते. होडी ताब्यात आली.

पण इथंच वाचणाऱ्याची चूक होते. ही युक्ती जड, लांब कण्याच्या होडीची आणि हात न थकलेल्या माणसाची आहे. हलकी होडी त्याच कोनात घेतली आणि सुकाणूवरचा माणूस झोपेला आला, तर ती लाटेला आडवी होऊन उलटते. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या ब्रिटिश शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या आणि वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला. त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन या अभियंत्यानं एकाच दोरावर शंभराहून जास्त छोटे कापडी शंकू शिवलेला, पाण्यात ओढत ठेवून वेग कमी करणारा रोधक तयार केला. तो मागून सोडला की होडीची पाठ लाटेकडेच राहते. म्हणजे दुमास एक सांगतात, जॉर्डन उलटं सांगतात, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. होडीचं वजन, कणा आणि माणसं किती हे आधी बघायचं, मग पुस्तक उघडायचं.

इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची होडी ‘सुहेली’ आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, साधारण ३२ फुटांची. १४ जून १९६८ ला फालमथहून निघून कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ती २२ एप्रिल १९६९ ला परत आली. प्रवासाच्या सुरुवातीलाच कण्याजवळच्या फळ्यांच्या सांध्यातून दोन्ही बाजूंनी पाणी येऊ लागलं. सांध्यात कापूस ठासायचा तर पाण्याखाली श्वास पुरेना, हातोडी मारेपर्यंत कापूस निघून यायचा. मग त्यांनी दीड इंच रुंद कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं, आणि बुडी मारमारून ती पट्टी तांब्याच्या बारीक खिळ्यांनी सांध्यावर ठोकली. वर तांब्याची पट्टी. मधे शार्क आला म्हणून काम थांबवावं लागलं. लाकडी होडी असलेल्या माणसाला ही दोन पानं सबंध कादंबरीपेक्षा मोलाची वाटतील, आणि वाटावीत.

आता पुस्तक सांभाळण्याबद्दल. समुद्रावर पुस्तक बिघडतं ते मिठानं. खारं पाणी वाळलं तरी मीठ कागदात राहतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे पान कधीच कोरडं होत नाही. भिजलं तर लगेच गोड्या पाण्यातून, पावसाचं असलं तरी चालेल, काढायचं. दर दहा-पंधरा पानांमध्ये टिपकागद घालायचा, तो बदलत राहायचा आणि वर वजन ठेवायचं. गुळगुळीत कागदाची पुस्तकं नेऊच नयेत, पानं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. पिना मारलेली मासिकं गंजतात. डिंकावर बांधलेली उन्हात सुटतात. दोऱ्यानं शिवलेली बांधणी टिकते. फळीला पुढे आडवी पट्टी हवी, आणि पुस्तकं घट्ट कोंबू नयेत, ओलाव्यानं फुगली की निघत नाहीत.

रात्री पहाऱ्यावर वाचायचं तर लाल दिवा, मंद. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ते घालवतो. मात्र लाल उजेडात नकाशावरच्या जांभळट-गुलाबी खुणा दिसेनाशा होतात, हे विसरू नये. एकटा माणूस असेल तर बारा-पंधरा मिनिटांचा गजर लावूनच पुस्तक उघडावं. वीस नॉटनं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) येणारं जहाज आणि सहा नॉटनं त्याच्या समोर जाणारी आपली होडी, मिळून पंधरा मिनिटांत साडेसहा सागरी मैल. धुरकट हवेत तेवढ्या अंतरावरचं जहाज दिसतही नाही. एक प्रकरण संपवून बघतो म्हणणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघण्याआधी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काम करून शिकले. होडी गोव्यात दिवाडीवर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’ वाचताना मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निघण्यापूर्वीचा भाग, होडी बांधण्याचा आणि तयारीचा. पोरांना समुद्राकडे वळवायचं असेल तर तोच भाग आधी वाचायला द्या.

आणि कोकणातल्या तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या नाखव्यांनी, लिहावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. डेहराडूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे आणि दर पंधरवड्याच्या दुरुस्त्या हव्यातच. पण पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी कुठं सरकली, हे रोज आत-बाहेर करणाऱ्यालाच आधी कळतं. कुठल्या देवळाचा कळस कुठल्या टेकडीशी एका रेषेत आणला की वाट मोकळी, ओहोटीला किती हात पाणी, वारा कुठून आला की तिथं लाट फुटते, हे सगळं वहीत उतरवायला हवं. वही शिवलेल्या बांधणीची घ्या. शाई पसरते, म्हणून पेन्सिलीनं लिहा. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि तिथी दोन्ही घाला, म्हणजे भरती किती होती ते पुढच्याला काढता येईल.