ओपनिंगला चित्रं बघायला जाऊ नका

चित्रप्रदर्शनाच्या ओपनिंगहून बाहेर पडताना कुणी ना कुणी हमखास म्हणतं, ‘छे, एवढ्या गर्दीत चित्रं बघताच आली नाहीत.’ मला या तक्रारीचं आता हसू येतं. अहो, चित्रं पुढे कित्येक दिवस त्याच भिंतीवर आहेत. चित्रकार मात्र आपल्या अख्ख्या गोतावळ्यासकट या एकाच संध्याकाळी सापडतो. मी जाते ती त्यासाठी.

बाकी तक्रारी सगळ्या मान्य. लोक चित्रांकडे पाठ करून उभे असतात. काचेच्या फ्रेममध्ये चित्र कमी आणि मागच्या डोक्यांचं प्रतिबिंब जास्त दिसतं. बोलता बोलता कुणीतरी एकेक पाऊल मागे सरकत जातं आणि खांद्यावरची पिशवी कॅनव्हासला लागायला बोटभर अंतर उरलं की गॅलरीतल्या कुणाचा तरी जीव वरखाली होतो. आपल्याशी बोलणाऱ्याची नजर आपल्या खांद्यावरून दाराकडे, आपल्यापेक्षा महत्त्वाचं कुणी आलं की काय म्हणून. ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ अशी सुरुवात करून पाहुणे जे सुरू होतात, ते थांबतच नाहीत. (कळत नाही ना? मग बसा की खाली!) भिंतीवरच्या कॉन्सेप्ट नोटबद्दल, म्हणजे प्रदर्शनामागची कल्पना सांगणाऱ्या मजकुराबद्दल, न बोललेलंच बरं.

पण गर्दी नसताना तरी आपण काय दिवे लावतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात, हे संशोधकांनी मोजलं होतं. तो अभ्यास 2001 मध्ये छापून आला. सरासरी निघाली 27 सेकंद, आणि निम्मे लोक तर 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकलेले. त्या वेळात समोरच्या पाटीवरचा मजकूर वाचणंही आलं. तेव्हा ओपनिंगच्या गर्दीवर खापर फोडण्यात फारसा अर्थ नाही.

गर्दीची परिसीमा गाठली ती अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलच्या ओपनिंगने. 1965 मध्ये फिलाडेल्फियाच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन होतं. लोक इतके लोटले की चित्रांना धक्का लागू नये म्हणून ती भिंतीवरून उतरवून ठेवावी लागली. चित्रंच नाहीत, तरी गर्दी हलेना! वॉरहॉल आणि त्याच्या सिनेमांतली नायिका एडी सेजविक जिन्यावर अडकले आणि शेवटी छताला भोक पाडून त्यांना बाहेर काढावं लागलं. ओपनिंग म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या संध्याकाळी दिसलं असेल असं मला वाटत नाही.

खरं तर प्रदर्शन खुलं होण्याआधीचे दिवस कधीकाळी चित्रकारांच्या मालकीचे असायचे. लंडनच्या रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या संस्थेत टांगून झालेल्या चित्रांवर वार्निश चढवायला, शेवटचा हात फिरवायला सभासदांना मुभा होती. 1832 साली तिथे इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं चित्र लागलं होतं, लाल रंगाची उधळण केलेलं. शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार टर्नर याचा करडा समुद्र. कॉन्स्टेबल अजून आपल्या चित्रावर काम करत होता. टर्नर मागे येऊन उभा राहिला, दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने बघितलं, आपल्या करड्या समुद्रावर नाण्याएवढा एक लाल ठिपका दिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. कॉन्स्टेबलचं अख्खं चित्र त्या एका ठिपक्यापुढे फिकं पडलं. ‘इथे येऊन बंदूक झाडून गेला तो,’ असं कॉन्स्टेबल म्हणाल्याचं त्याच्या मित्राने, चित्रकार लेस्लीने, लिहून ठेवलंय. टर्नरने मग त्या ठिपक्याचा समुद्रात तरंगणारा बोया केला.

हल्लीच्या ओपनिंगला लाल ठिपका एकाच कामाचा असतो, चित्र विकलं गेल्याची खूण म्हणून. आणि तो बऱ्याचदा आपण दारात पाऊल ठेवण्याआधीच लागलेला असतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांना चित्रांचे फोटो आधीच गेलेले असतात, खास लोकांना खासगीत दाखवूनही झालेलं असतं. त्या पैशातली निम्मी रक्कम गॅलरीची, हा बऱ्याच ठिकाणचा हिशेब. म्हणजे आपण पोचतो तेव्हा व्यवहार बव्हंशी उरकलेला असतो आणि आपण असतो ती निव्वळ हजेरी. काहींना हे अपमानास्पद वाटतं. मला मोकळं वाटतं. ‘विकत घ्यायचं नाही तर आत कसं जायचं?’ म्हणून संकोचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: बहुतेक गॅलऱ्यांच्या ओपनिंगला तिकीट नसतं आणि भरलेली खोली त्यांनाही हवीच असते.

आत गेल्यावर मात्र चित्रकाराकडे नीट बघा. अंगावर नवे कपडे आणि नखांच्या कडेला अजून न निघालेला निळा. तो बोलत असतो तुमच्याशी, पण कोण कुठल्या चित्रासमोर थबकलं आणि कोण कुठलं ओलांडून गेलं, यावर त्याची बारीक नजर असते. त्याच्या बरोबरीचे चित्रकार ‘छान, छान’ म्हणत असतात आणि नाक कॅनव्हासला लावून याने हे केलं कसं ते शोधत असतात. खरी समीक्षा ती. कोपऱ्यात त्याची आई अभिप्रायाच्या वहीची पानं उलटत असते. प्रत्येक ओळ वाचते. तिथे ‘बेस्ट ऑफ लक’ लिहून पळू नका, एक धड वाक्य लिहा.

आणि कृपा करून त्याला ‘याचा अर्थ काय?’ विचारू नका. त्याने दिवसभर तेच ऐकलेलं असतं आणि उत्तर घोटून तयार असतं. त्यापेक्षा ‘इथे लावायचं ठरवून शेवटच्या क्षणी कुठलं चित्र मागे ठेवलंस?’ असं विचारून बघा. मी हे आता सगळीकडे विचारते. एकाने तर हात धरून मागच्या खोलीत नेलं, बबलरॅप सोडला आणि त्या चित्राचं नेमकं कुठे बिनसलं ते पाहुणे खोळंबले तरी सांगत बसला. बाहेर लावलेल्या चित्रांपेक्षा मला तेच आवडलं. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, विकत घेणार असशील तर बोल!