गूळ चालतो, भाकरी हवी तेवढी? मधुमेहाबद्दलच्या एका निरोपाला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी तोच निरोप फिरून येतो: मधुमेह असेल तर साखर सोडून गूळ घ्या, भात बंद करून भाकरी हवी तेवढी खा, आठवड्यातून दोन उपास करा, सकाळी कारल्याचा रस प्या, गोळ्या आपोआप सुटतील. माझ्या आत्याने तो मनापासून पाळला. म्हणून हे लिहिते आहे.

गुळाचं आधी. उसाचा रस आटवला की गूळ होतो, आणि त्यात बहुतेक भाग साखरेचाच असतो. थोडं लोह असतं हे खरं, पण चहात पडतो तेवढ्या खड्यातून ते कितीसं मिळणार? आत्या साखरेचा चहा दोनदा घ्यायची. ‘गुळाचा चालतो’ म्हणून तो चारदा व्हायला लागला.

भाकरीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम तांदळात चोथा (फायबर) ३ ग्रॅमच्या आत असतो, ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे भाकरीने रक्तातली साखर जरा सावकाश चढते. पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पिष्टही ७० ग्रॅमच्या आसपास असतं, जवळपास गव्हाएवढंच. तीन भाकऱ्या आणि पातळ रस्सा असं जेवलं तर साखर वाढणारच. एकच भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि बिनसाखरेचं ताक घेतलं तर ती बरीच आटोक्यात राहते. त्यातही आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी, हा क्रम ठेवून बघा. अशा ताटात छोटी वाटी भातही बसतो, भाकरीच्या जोडीला नव्हे, तिच्याऐवजी. नाचणीचंही असंच आहे: तिची भाकरी वेगळी आणि बारीक दळून शिजवलेलं पातळ सत्त्व वेगळं. सत्त्व पटकन पचतं, साखरही पटकन चढते.

उपासाची मला खरी भीती वाटते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, त्यात बटाटा. आणि ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन काहीच खाल्लं नाही, तर रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या.

कारल्याची भाजी जरूर खा. पण रसाच्या भरवशावर गोळी थांबवू नका. ती कमी करायची की नाही हे रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील.

आत्या आता जेवायला बसल्यापासून दोन तासांनी बोट टोचून साखर मोजते आणि ताटात काय होतं ते शेजारी लिहून ठेवते. निरोप पुन्हा आला की त्याखाली त्या वहीचं पान टाकायला तिने मला सांगून ठेवलं आहे.