टीबी ‘रक्तात’ नसतो

“टीबी हा रक्तातला रोग. घराण्यात असेल त्यांनाच होतो. सोयरीक करताना चौकशी करा, जनुकांची तपासणी करून घ्या.” हा मजकूर गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सअॅप गटांवरून चार जणांनी मला पाठवला. त्यातले दोघे अगदी जवळचे. म्हणून लिहायला बसलो.

‘घराण्यातून येतो’ म्हणे. येतो तो जंतू. 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी तो दाखवून दिला. खोकल्यातून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतो. माझ्या आत्येच्या घरी तिघांना टीबी झाला, तेव्हा गावाने रक्ताला दोष दिला. पावसाळ्यात खिडक्या बंद, एका खोलीत पाच जण झोपलेले, आणि त्यात तिचे सासरे महिनोन्‌महिने खोकत होते, हे कुणी बघितलं नाही. आत्येही आजारी पडली. औषधं पूर्ण घेऊन बरी झाली, तरी तिचा कप कित्येक वर्षं वेगळा, खिडकीत पालथा पडून असे. कपा-ताटातून टीबी पसरत नाही.

मग जनुकांचा काहीच हात नाही? आहे. जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, पण त्यातल्या 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. कुणाला होतो, यात जनुकांचा वाटा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टीबी झाला, तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण असमान जुळ्यांपेक्षा जास्त आढळलं आहे. टीवायके2 जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तर पेशींना जंतूशी लढायला लावणारा इशारा दुबळा पडतो. पण हा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमीच. बाकीची बहुतेक जनुकं धोका थोडाथोडाच वाढवतात. त्यांची चाचणी करून लग्न ठरवणं म्हणजे नुसता पैसा वाया घालवणं.

‘नशिबात असेल तर होणारच’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. झारखंडात रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन बघितलं. 2023 साली निष्कर्ष आले: त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. जनुकं तीच होती, ताटात भर पडली होती. मधुमेह, दारू, विडी-सिगारेट, एचआयव्ही यांनीही धोका वाढतो, आणि यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं.

‘आमच्या घराण्यात नाही, आम्हांला भीती नाही’ हे तर उघडच चूक. श्वास सगळेच घेतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या, फुकट होतं. त्यासाठी देशभर वापरलं जाणारं ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्याच कंपनीचं आहे. घरात रुग्ण असेल, तर बाकीच्यांसाठी प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा.

आत्येच्या नातीसाठी सध्या स्थळं बघतोय. कुणी विचारलं, तर आम्ही सांगणार आहोत: आजीला टीबी होता, औषधं पूर्ण घेतली, बरी झाली.